ठाणे-नवी मुंबईच्या घरात छोट्या फिश टँकसाठी हीटर निवडताना

हीटरचं काम इथे तसं हलकं आहे. डिसेंबर-जानेवारीत ठाण्यात पहाटे बाहेर १५ ते १८ अंश असले, तरी बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये टाकीचं पाणी बहुतेक वेळा २१ ते २३ च्या आसपास असतं. येऊरच्या पायथ्याशी, घोडबंदर रोडला वरच्या मजल्यावर किंवा खारघरला डोंगराच्या बाजूला आणखी एखादा अंश कमी धरा. फायटर, गप्पी, एंजल, टेट्रा यांना २५-२६ अंश पुरतात. म्हणजे हीटरला चार-पाच अंश, फार तर सहा अंश वर उचलायचे आहेत. तरीही दुकानात 'थंडी आहे, मोठाच घ्या' म्हणत १५ लिटरच्या टाकीला १०० वॉटचा हीटर दिला जातो आणि मासे मरतात ते गारठून नाही, उकडून.

हे का होतं ते कळलं की निवड सोपी होते. साध्या काचेच्या हीटरमध्ये दोन वेगवेगळे धातू जोडलेली एक पट्टी असते. पाणी गार झालं की ती वाकून वीज जोडते, गरम झालं की तोडते. प्रत्येक वेळी जोड-तोड होताना संपर्काच्या टोकांवर बारीक ठिणगी पडते. हजारो ठिणग्यांनंतर ती टोकं खडबडीत होतात आणि कधीतरी एकमेकांना चिकटून बसतात. मग हीटर बंदच होत नाही. हे स्वस्त हीटरमध्ये लवकर होतं, महागड्यात उशिरा. म्हणून हीटर घेताना हा विचार करावा: हा उद्या चालू अवस्थेत अडकला, तर माझं पाणी किती वेळात किती गरम होईल?

आधी मोजमाप

खरेदीच्या आधी थर्मामीटर घ्या. काचेवर बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी नको. ती पाणी आणि खोली यांच्या मधलंच काहीतरी दाखवते. आत बसणारा काचेचा किंवा वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल घ्यावा. तो बरोबर आहे का हे घरीच तपासता येतं. ग्लासभर बर्फाचा चुरा करून त्यात तो जेमतेम बुडेल इतकंच पाणी घाला, पाच मिनिटं ढवळा आणि थर्मामीटर मधोमध धरा. ० दाखवायला हवा. १ दाखवला तर पुढे कायम १ वजा करायचा, बस.

आता आठवडाभर सकाळी साडेसहाला आणि दुपारी तीनला पाण्याचं तापमान लिहून ठेवा. दोन आकडे महत्त्वाचे असतात: सकाळचा सर्वांत कमी आणि दिवसभरातला फरक. टाकी बेडरूममध्ये असेल आणि रात्रभर एसी २४ वर चालत असेल, तर मे महिन्यातही पाणी पहाटे २४-२५ वर येतं आणि दुपारी ३० वर जातं. रोजची ही पाच-सहा अंशांची चढ-उतार एकसारख्या २३ अंशांपेक्षाही जास्त त्रास देते. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात, तो व्हाइट स्पॉट बहुतेकदा अशाच टाकीत निघतो. अशा घरात हीटर थंडीपुरता नाही, बाराही महिने लागतो. उलट हॉलमध्ये, एसीपासून लांब असलेल्या टाकीत सकाळचा आकडा २४ च्या खाली जातच नसेल आणि त्यात फक्त गप्पी-मॉली असतील, तर हीटर घेऊच नका. गोल्डफिशला तर तो मुळीच नको. त्यांना १८ ते २२ अंशांचं पाणी मानवतं. चेरी श्रिंपलाही (टाकीत पाळतात ती छोटी लाल कोळंबी) २२-२४ पुरतात.

टाकी किती लिटरची

आपल्याकडे टाक्या इंचात विकल्या जातात. लांबी × रुंदी × उंची इंचात गुणून ६१ ने भागलं की लिटर मिळतात. १२ × ८ × १० ची टाकी साधारण १६ लिटर, १८ × १० × १२ ची ३५, दोन फुटी २४ × १२ × १२ ची ५७. त्यातून वाळू, गोटे आणि वरची रिकामी जागा यांचे १५ ते २० टक्के वजा करा. दोन फुटीत प्रत्यक्ष पाणी ४६-४७ लिटरच असतं.

इथल्या हवेला एका लिटरला एक वॉट ही वरची मर्यादा समजावी. १५ लिटरपर्यंत २५ वॉट (त्याहून लहान सहसा मिळत नाही), ३० लिटरला २५ वॉट, दोन फुटीला ५० वॉट, ९०-१०० लिटरला १०० वॉट किंवा त्यापेक्षा बरं म्हणजे ५० चे दोन. दोन हीटर घेतले की एक बंद पडला तर दुसरा निम्मं काम सांभाळतो, आणि एक चिकटून चालूच राहिला तरी एकटा ५० वॉट १०० लिटरला उकळू शकत नाही.

हिशेब करून बघायचा असेल तर हे सूत्र पाठ ठेवा: लिटर × ७० ÷ वॉट = एक अंश वाढायला लागणारी मिनिटं. ५० लिटरला ५० वॉट असेल तर एका अंशाला ७० मिनिटं. पाणी खोलीपेक्षा गरम होत जातं तशी उष्णता बाहेरही जाते, त्यामुळे पुढचे अंश आणखी सावकाश चढतात आणि २२ अंशांच्या खोलीत ते तिशीच्या थोडं वर जाऊन थबकतं. तोवर घरातलं कोणीतरी टाकीकडे बघतंच. तिथेच २०० वॉट असेल तर एका अंशाला १७-१८ मिनिटं, आणि रात्री झोपल्यापासून पहाटेपर्यंत पाणी ३५ च्या पुढे. मासे वाचायची शक्यता नाही.

टाकीवर काचेचं झाकण असेल तर हीटरचं काम बरंच कमी होतं, कारण बाष्पीभवनातून सर्वांत जास्त उष्णता जाते. झाकण नसलेल्या टाकीला मोठा हीटर घेण्याआधी काचवाल्याकडून ४ मिमीचं झाकण कापून घ्या, कडा घासून घ्यायला सांगा.

दुकानात काय बघायचं

खोक्यावर आणि हीटरवर २२०-२४० व्होल्ट छापलेलं आहे का, ते आधी. परदेशी बाजारासाठी बनलेला ११० व्होल्टचा हीटर आपल्या २३० वर लावला तर तो चौपटीहून जास्त तापतो आणि काच तडकते. ऑनलाइन मागवताना हे विशेष बघा. पिनही आपल्या सॉकेटमध्ये थेट बसणारी हवी. चपट्या पिनेला कन्व्हर्टर लावला की तो सैल बसतो, सैल जोडात ठिणगी पडते, आणि टाकीजवळच्या दमट हवेत पिना लवकर काळ्या पडतात.

मग लांबी. २५ वॉटचे काही हीटर १५ सेंटिमीटरचे असतात, काही २० च्याही पुढे जातात. टाकी १० इंच उंच असेल तर आत पाणी २० सेंटिमीटरच असतं. हीटरवर पाण्याच्या किमान पातळीची रेघ असते, ती बुडायलाच हवी. उभा मावत नसेल तर आडवा लावता येतो का, ते त्याच्या पत्रकात वाचा. पूर्ण बुडवता येणारे बहुतेक हीटर चालतात, वरची टोपी पाण्याबाहेर ठेवायचे जुन्या धर्तीचे चालत नाहीत.

काचेची नळी उजेडात धरून फिरवा. आत दमटपणा किंवा पाण्याचा थेंब दिसला तर टोपीचं सील गेलेलं आहे, परत द्या. हलकेच हलवा. आतली गुंडाळी (तापणारी तार) खुळखुळता कामा नये. तापमानाची चकती फिरवून बघा, ती एकसारखी आणि थोडी घट्ट फिरायला हवी. वायर अखंड, जाडसर आणि निदान सव्वा मीटर हवी.

चकती नसलेले, कायम २६ वर ठरवलेले हीटरही मिळतात. फायटरच्या छोट्या टाकीला ते वाईट नाहीत, पण व्हाइट स्पॉटच्या उपचारासाठी पाणी ३० पर्यंत न्यायची वेळ आली की ते उपयोगी पडत नाहीत. यूएसबीवर चालणारे दहा-बारा वॉटचे पिटुकले हीटर टाळावेत. त्यांत बहुधा थर्मोस्टॅटच (तापमानानुसार वीज जोडणारा-तोडणारा भाग) नसतो. चांगल्या काचेच्या हीटरांपैकी एहाइमच्या येगर मालिकेत चकतीवरचा आकडा खऱ्या तापमानाशी जुळवून घ्यायची सोय असते आणि पाण्याबाहेर राहिला तर तो स्वतः बंद होतो. परवडत असेल तर पैसे तिथे घालावेत. परवडत नसेल तर साधा हीटर घेऊन उरलेले पैसे पुढे सांगितलेल्या कंट्रोलरवर घालवा. त्याने जास्त फरक पडतो.

टाकीत घालण्याआधी बादली

नवीन हीटर सरळ माशांच्या टाकीत घालू नका. मोजून १० लिटर पाणी प्लास्टिकच्या बादलीत घ्या. एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडा म्हणजे पाणी ढवळत राहील. बादलीवर लाकडी पट्टी आडवी टाकून हीटर तिला बांधा. प्लास्टिकला तो टेकता कामा नये. चकती ३२ वर करून लावा आणि थर्मामीटर बघा. ५० वॉटचा खरा हीटर एक अंश साधारण १४ ते १७ मिनिटांत चढवतो, २५ वॉटचा अर्ध्या तासात, १०० वॉटचा ७-८ मिनिटांत. ५० लिहिलेला हीटर सात मिनिटांत अंश चढवत असेल तर तो ५० चा नाही. बादलीत हात घालायचा तर आधी पिन काढायची, प्रत्येक वेळी.

मल्टिमीटर असेल तर हे काम दोन मिनिटांचं. हीटर प्लगला लावायचा नाही. चकती सर्वांत वर फिरवा, म्हणजे आतली पट्टी जोडली जाईल, आणि दोन पिनांमधले ओहम मोजा. २५ वॉटला सुमारे २,१००, ५० ला १,०६० आणि १०० ला ५३० यायला हवेत. दहा टक्के इकडेतिकडे चालतं. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या हीटरवर मात्र हे मोजमाप लागू पडत नाही.

वॉट खरे निघाले की चकती २७ वर आणा आणि बादली एक रात्र तशीच ठेवा. सकाळी पाणी किती अंश आहे आणि हीटरवरचा छोटा दिवा किती अंशांना लागतो-विझतो, ते लिहा. चकतीवर २७ आणि पाणी २८.५ असं पुष्कळदा निघतं. घाबरायचं कारण नाही, फरक लक्षात ठेवायचा. पण एकदा २६ ला आणि एकदा २९ ला बंद होत असेल तर तो हीटर परत करा. चुकीचा पण एकसारखा हीटर वापरता येतो, लहरी हीटर वापरता येत नाही.

वेगळा कंट्रोलर

हीटरच्या आतल्या पट्टीवर एकट्यावर विसंबू नये, हे एव्हाना लक्षात आलं असेल. बाहेरचा तापमान कंट्रोलर, म्हणजे आपल्या सेन्सरने पाणी मोजून हीटरची वीज जोडणारा-तोडणारा डबा, हा दुसरा पहारेकरी. थेट प्लगमध्ये बसणारे तयार कंट्रोलर मिळतात, आणि एसटीसी-१००० सारखे पॅनलमध्ये बसवायचे स्वस्त मॉड्यूलही. दुसरा प्रकार घ्यायचा तर २२० व्होल्टचाच घ्या (१२ आणि २४ व्होल्टचेही येतात) आणि जोडणी इलेक्ट्रिशियनकडून बंद खोक्यात करून घ्या, उघड्या तारा टाकीजवळ नकोत. त्यात एफ-१ वर हवं ते तापमान, एफ-२ वर फरक आणि एफ-४ वर थर्मामीटरशी जुळवणी असते. एफ-१ २६ आणि एफ-२ ०.५ ठेवा.

हीटरची स्वतःची चकती मात्र कंट्रोलरपेक्षा दीड-दोन अंश वर, म्हणजे २७.५-२८ ला ठेवायची. रोजची जोड-तोड कंट्रोलर करतो, आतली पट्टी जोडलेलीच राहते, ठिणग्या पडत नाहीत, हीटर जास्त टिकतो. आणि कंट्रोलरचाच रिले (आतला वीज जोडणारा-तोडणारा स्विच) अडकला तर २८ ला हीटर स्वतः बंद होतो. चकती ३४ ला ठेवून 'कंट्रोलर बघून घेईल' असं केलं तर हा दुसरा अडसर निघून जातो. कंट्रोलरचा सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे: सेन्सरची वायर निसटून पाण्याबाहेर पडते, तो खोलीचे २२ अंश वाचतो आणि हीटर चालूच ठेवतो. सेन्सर दोन रबरी सक्शन कपांनी काचेला बसवा, पाण्याच्या पातळीपासून निदान १० सेंटिमीटर खाली.

बसवणं आणि वीज

हीटर फिल्टरच्या प्रवाहात हवा. पाणी त्याच्यावरून वाहिलं तर उष्णता सगळीकडे पोचते, नाहीतर हीटरजवळ २८ आणि समोरच्या कोपऱ्यात २४ अशी टाकी होते आणि पट्टी आपल्याच गरम पाण्याला फसून लवकर वीज तोडते. सेन्सर हीटरच्या विरुद्ध टोकाला. काच वाळूला टेकू देऊ नका. फायटर आणि सकर (तोंडाने काचेला चिकटणारे मासे) हीटरला चिकटून बसतात, त्यांना भाजू नये म्हणून वर प्लास्टिकची जाळी घाला.

पाण्यात ठेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, काच पाण्याच्या तापमानाला येऊ द्या, मगच स्विच लावा. सुरुवातीला पाणी आहे त्याच्या एक अंश वर ठेवा आणि रोज एक-दोन अंश वाढवा. २१ वरून २६ ला एका रात्रीत नेलं तर मासे ताणाखाली येतात.

वायर सॉकेटकडे जाताना सॉकेटच्या खालपर्यंत झोळ घेऊन मग वर जायला हवी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाला ठिबकतं, प्लगमध्ये शिरत नाही. एक्स्टेंशन बोर्ड आयएसआय खुणेचा, भिंतीला टांगलेला, टाकीच्या पातळीपेक्षा वर. घरच्या डीबीत (विजेच्या मुख्य स्विचबोर्डात) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते जरूर बघा. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत किंवा वाशीतल्या सुरुवातीच्या सिडको घरांत तो नसू शकतो, तिथे आधी तो बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. काच फुटली तर मासे आणि आपला हात, दोन्ही त्याच्यावर अवलंबून असतात. पाण्यात बोट घालताना हलकी झिणझिण जाणवली तर 'चालतंय' म्हणून सोडू नका. सगळ्या पिना काढा आणि एकेक वस्तू तपासा.

विजेच्या बिलाची काळजी फारशी नको. ५० वॉटचा हीटर रात्रीचे दहा तास सलग चालला तरी अर्धा युनिट होतो, आणि तो सलग चालत नाही.

पाणी बदलताना

हीटर सर्वांत जास्त इथे फुटतात. पाणी काढलं, गरम नळी उघडी पडली, वरून गार पाणी ओतलं, काच तडकली. आधी पिन काढा, वीस मिनिटं थांबा, मग सायफन (पाणी ओढून काढायची नळी) लावा. पाणी भरून झाल्यावरच पुन्हा लावा. विसरायला होत असेल तर हीटर टाकीच्या खालच्या भागात आडवा लावा, म्हणजे चौथाई पाणी काढलं तरी तो बुडालेला राहतो.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी जानेवारीत सकाळी चांगलंच गार असतं. ते सरळ ओतलं की हीटर असूनही टाकीचे दोन-तीन अंश जातात. बदलायचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून घरात ठेवा, सकाळी त्यात थोडं उकळतं पाणी मिसळून टाकीच्या एक अंशाच्या आत आणा. गीझरचं पाणी श्रिंपच्या टाकीत वापरू नका, तांब्याचा अंश त्यांना सोसत नाही.

ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, तिथे हीटरवर पांढरा थर बसतो आणि काच असमान तापते. महिन्या-दीड महिन्याने हीटर काढून, गार झाल्यावर, अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा आणि मऊ कापडाने पुसा. तारेच्या घासणीने नाही.

काही बिघडलं तर

दिवा लागलेला आहे पण पाणी चढत नाही: झाकण आहे का, एसीचा किंवा पंख्याचा झोत टाकीवर येतोय का ते बघा. दोन्ही ठीक असेल तर ओहम मोजा, गुंडाळी तुटली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. दिवा लागतच नाही: आधी थर्मामीटर बघा, बहुतेक वेळा पाणी पुरेसं गरम असतं.

पाणी ३२-३३ झालं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, तर पिन काढा आणि एअर पंप जोरात सोडा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे हवा देणं हे थंड करण्याआधीचं काम. बर्फ टाकू नका. दहा टक्के पाणी काढून दोन-तीन अंश गार पाणी सावकाश घाला, अर्ध्या तासाने पुन्हा. तो हीटर परत टाकीत जाता कामा नये, दुसऱ्या दिवशी नीट चालतोय असं दिसलं तरी.

मार्चअखेर हॉलमधल्या टाकीचं पाणी स्वतःच २८ च्या वर जायला लागलं की हीटर काढा, पुसा, कोरडा करून उभा ठेवा. फक्त टाकीत डिस्कस असतील (त्यांना २८-२९ लागतात) किंवा खोलीत एसी असेल, तर तो आत राहू द्या आणि उन्हाळ्यात चकती एकदा पुन्हा थर्मामीटरशी ताडून बघा.